घरबांधणीतील उपकरणे आणि ठेकेदाराची ‘भर’ : माहितीच्या विषमतेचे अर्थशास्त्र

जबलपूर हे प्रामुख्याने नोकरदारांचे शहर आहे. उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ, २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय, वीज कंपन्यांची मुख्य कार्यालये आणि तोफगाडी कारखान्यासारखे संरक्षण उत्पादनाचे जुने कारखाने यांमुळे येथे नियमित वेतन मिळविणारा मोठा मध्यमवर्ग निर्माण झाला. पिढ्यानपिढ्या स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यात आहेत. या वर्गाची आयुष्यभराची बचत, भविष्यनिर्वाह निधी आणि गृहकर्ज एकत्र येतात ते स्वतःच्या भूखंडावरील घरात. असे घर सहसा स्थानिक ठेकेदार बांधतो आणि त्याच्याशी घासाघीस होते ती दर चौरस फुटाच्या भावावर. पंखे, गिझर, एसी, स्वयंपाकघरातील चिमणी, पाण्याचा पंप, इन्व्हर्टर यांचा हिशेब मात्र अखेरीस एकाच ओळीत येतो : ‘विद्युत उपकरणे, एकूण रक्कम’. या ओळीत दडलेल्या नफ्याच्या भरीची, म्हणजेच मार्कअपची, मीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

भर आणि मार्जिन : एक उदाहरण

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. समजा, एका घरासाठी लागणाऱ्या उपकरणांची दुकानातील किरकोळ किंमत करांसह १,००,००० रुपये आहे. ठेकेदार नेहमीचा ग्राहक असल्याने विक्रेता त्याला १२ टक्के सूट देतो. म्हणजे त्याचा खरेदीखर्च ८८,००० रुपये होतो. घरमालकाकडून तो १,१५,००० रुपये घेतो. येथे नफ्याची भर २७,००० रुपयांची आहे. खरेदीखर्चाशी तिचे प्रमाण ३०.७ टक्के आहे, तर विक्रीकिमतीशी २३.५ टक्के. पहिल्या प्रमाणाला मार्कअप व दुसऱ्याला मार्जिन म्हणतात. परीक्षेत या दोहोंची गल्लत हमखास होते.

घरमालकाचे नुकसान यापैकी किती? ते २७,००० रुपये नव्हे. त्याने स्वतः बाजारात जाऊन खरेदी केली असती, तर त्याला १,००,००० रुपये मोजावे लागले असते. म्हणून त्याचा जादा खर्च १५,००० रुपयांचा आहे. त्यातूनही वाहतूक, फेऱ्या, निवडीसाठी लागणारा वेळ आणि बसविण्याची व्यवस्था यांचे मूल्य वजा केले पाहिजे. उरते ती भरीची खरी किंमत.

भर का आकारली जाते?

प्रत्येक भर ही लूट नसते. ठेकेदार माल आणतो, साठवतो, चोरी व मोडतोडीची जोखीम घेतो, काही काळ स्वतःचे भांडवल अडकवतो आणि सदोष यंत्र बदलून आणण्याचा व्याप सांभाळतो. सरकारी बांधकामातही हे तत्त्व मान्य आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर-पृथक्करणात ठेकेदाराचा नफा व वरखर्च यांसाठी १५ टक्के रक्कम उघडपणे धरली जाते. ‘उघडपणे’ हाच येथील कळीचा शब्द आहे. खासगी घरबांधणीत भर असते, पण ती दिसत नाही.

तिच्या अदृश्यतेची तीन कारणे आहेत. पहिले, माहितीची विषमता. ज्यॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते खरेदीदाराला ठाऊक नसेल, तर बाजार विकृत होतो. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ठेकेदार वर्षभर उपकरणे खरेदी करतो. घरमालक बहुधा आयुष्यात एकदाच घर बांधतो.

दुसरे, मुख्य आणि अभिकर्ता यांच्या हितसंबंधांतील फारकत. घरमालक निवड ठेकेदारावर सोपवितो, परंतु विक्रेत्याकडून मिळणारी सूट वा कमिशन ठेकेदाराच्या खिशात जाते. साहजिकच, घराला सर्वांत योग्य ठरणाऱ्या यंत्राऐवजी अधिक कमिशन देणारे यंत्र सुचविले जाण्याचा धोका असतो.

तिसरे कारण वेळेचे आहे. भिंतीत नळ्या व तारा एकदा गाडल्या गेल्या, एसी आणि गिझरच्या जागा ठरल्या, की ठेकेदार बदलणे महाग पडते. करारापूर्वी अनेक पर्याय असलेला घरमालक करारानंतर एकाच माणसावर अवलंबून राहतो. या अवस्थेचे विवेचन ऑलिव्हर विल्यमसन यांच्या व्यवहारखर्चाच्या सिद्धांतात आढळते; त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

याखेरीज साखळीचा परिणामही लक्षात घ्यावा. उत्पादक, वितरक, दुकानदार व ठेकेदार अशा चार टप्प्यांवर प्रत्येकाने केवळ १० टक्के भर घातली, तरी मूळ खर्चावर एकूण वाढ ४० नव्हे, तर ४६.४१ टक्के होते. प्रत्येक भर आधीच्या भरीवरही आकारली जाते.

कमाल किरकोळ किमतीचा आभास

वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत दाखवून ‘छापील किमतीपेक्षा कमीच लावले’ असे ठेकेदार सांगतो, तेव्हा ग्राहक निश्चिंत होतो. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ व त्याखालील वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार ही किंमत म्हणजे विक्रीची कमाल मर्यादा होय. ती वाजवी बाजारभावाची ग्वाही नव्हे. उपकरणांच्या बाजारात प्रत्यक्ष व्यवहार बहुधा तिच्या खालीच होतात. तुलना करायची ती प्रत्यक्ष बाजारभावाशी.

कायदा व कर

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ अर्थात रेरा हा प्रवर्तकांच्या प्रकल्पांसाठी आहे. स्वतःच्या भूखंडावर स्वतःसाठी बांधलेले घर त्याच्या कक्षेत येत नाही. येथे आधार आहे तो दोन कायद्यांचा.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २१६ नुसार, अभिकर्त्याने मुख्य व्यक्तीच्या माहितीशिवाय स्वतःच्या हितासाठी व्यवहार केला, तर त्यातून झालेला लाभ मुख्य व्यक्ती मागू शकते. परंतु ठेकेदार अभिकर्ता आहे की स्वतंत्र विक्रेता, हे करारावर अवलंबून असते. ‘प्रत्यक्ष बिल अधिक ठरलेले शुल्क’ असा करार असेल, तर दडविलेली सूट मागण्याचा घरमालकाचा दावा बळकट होतो. ‘मटेरियलसकट एकरकमी’ करार असेल, तर स्वस्तात खरेदी करून मिळविलेला नफा हा सर्वसाधारणपणे ठेकेदाराचाच असतो.

दुसरा आधार ग्राहक संरक्षणाचा. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या १९९३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गृहबांधणी ही ग्राहक कायद्यातील ‘सेवा’ असल्याचे स्पष्ट केले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदाराला आपल्या निवासाच्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते.

वस्तू व सेवा कराचा पैलू कमी महत्त्वाचा नाही. स्वतंत्र एकल घराच्या मूळ बांधकामासाठीचा केवळ मजुरीचा ठेका करमुक्त आहे. नोंदणीकृत ठेकेदाराच्या मटेरियलसकट ठेक्यात मात्र संपूर्ण रकमेवर, म्हणजे ठेकेदाराच्या भरीवरही, कर लागतो. उलट, ठेकेदाराने ‘शुद्ध अभिकर्ता’ म्हणून घरमालकाच्या वतीने खरेदी केली आणि केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमांतील नियम ३३ च्या अटी पाळल्या, तर ती रक्कम त्याच्या सेवेच्या करपात्र मूल्यातून वगळली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरील कर २८ वरून १८ टक्के झाला. अशा कपातीचा लाभ जुन्या एकरकमी करारात आपोआप घरमालकापर्यंत पोहोचेलच असे नाही.

भरीपेक्षा मोठा तोटा

उपकरण निवडतो एक आणि विजेचे बिल भरतो दुसरा. अर्थशास्त्रात याला विभाजित प्रोत्साहनाची समस्या म्हणतात. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी मोटारीचा पंखा सुमारे ३० वॅट. जबलपूरच्या दीर्घ उन्हाळ्याचा विचार करून वर्षातील २४० दिवस, रोज १२ तास वापर धरला, तर एका पंख्यामागे १२९.६ युनिट वाचतात. पाच पंख्यांचे ६४८ युनिट होतात. सात रुपये प्रतियुनिट दर गृहीत धरल्यास ही बचत वर्षाला ४,५३६ रुपये भरते. वरील उदाहरणातील १५,००० रुपयांचा जादा खर्च एकदाच होतो. चुकीच्या पंख्यांचा भुर्दंड चार वर्षांच्या आतच त्याहून अधिक होतो आणि पुढेही चालू राहतो. ही विषमता कमी करण्यासाठीच ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये तारांकित लेबल योजना सुरू केली. २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही ते लेबल अनिवार्य झाले. तारांकित लेबल हा केवळ ऊर्जा धोरणाचा भाग नाही. ते माहितीच्या बाजारातील सरकारी हस्तक्षेपाचे उत्तम उदाहरण आहे.

उपाय

पहिला उपाय म्हणजे उपकरणांची स्वतंत्र अनुसूची : कंपनी, मॉडेल, क्षमता, तारांकन आणि दर करारातच नमूद करणे. दुसरा, मूळ बिल व हमीपत्र घरमालकाच्या नावे घेणे. तिसरा, ठेकेदाराच्या श्रमासाठी टक्केवारीऐवजी ठरावीक शुल्क देणे. कारण खर्चावर टक्केवारी दिल्यास महाग वस्तू घेण्यातच त्याचा लाभ असतो. चौथा, ही सर्व बोलणी पाया खणण्यापूर्वी करणे. तेव्हाच घरमालकाची सौदाशक्ती सर्वाधिक असते.

मात्र भर शून्यावर आणण्याचा हट्ट घातक ठरू शकतो. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि बांधकामातील उणिवांची किंमत शहराने मोजली. चौरस फुटाचा दर अवाजवी पाडला आणि उपकरणांवरील नफाही काढून घेतला, तर ठेकेदार तूट भरून काढणार कोठून? पंख्याची किंमत दुकानात विचारता येते. स्तंभात गाडलेल्या सळया आणि काँक्रीटमधील सिमेंटचे प्रमाण नंतर पाहता येत नाही. जेथे तपासणी अवघड, तेथेच काटकसर होते. म्हणून घरमालकाने ठेकेदाराला वाजवी नफा द्यावा, पण तो कागदावर, उघड लिहून द्यावा. लिहिलेल्या नफ्याची चर्चा होऊ शकते. लपलेल्या नफ्याची वसुली कोठून झाली, हे कधी कधी जमीन हादरल्यावरच कळते.