गळवाल्यांची वही : कावेरीतला महासीर आणि तेवीस हजार तास

हा या आठवड्याच्या एपिसोडचा मजकूर. लोकलमध्ये नेट जातं, किंवा ऑफिसात हेडफोन लावता येत नाही, अशी बऱ्याच जणांची तक्रार असते. त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला. बोललोय तेच आहे, फक्त मधले 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत.

आजचा विषय मासेमारी. कोळीवाड्यातली, पोटापाण्याची नाही. सुट्टीच्या दिवशी नदीवर किंवा धरणाच्या पाण्यावर गळ टाकून बसणाऱ्या हौशी लोकांची. ग्रुपमध्ये तुम्ही फोटो पाठवत असता, ते मी बघतो. कटला, रोहू, एखादा मरळ, आणि तिलापिया तर विचारू नका. त्यातले बरेच फोटो एकाच साच्याचे असतात. मासा आडवा धरलेला, हात कॅमेऱ्याकडे जरा पुढे केलेले. म्हणजे दोन किलोचा मासा चारचा वाटतो. आणि खाली ओळ असते : "पंचवीस मिनिटं झुंज चालली!" त्याआधी सहा तास काहीच लागलं नाही, हे कोणी लिहीत नाही.

ते सहा तास लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट त्या सहा तासांची आहे.

आता कर्नाटकात जाऊ. बंगळुरूपासून साधारण शंभर किलोमीटरवर कावेरी खडकांमधून, जंगलातून वाहते. तिथे भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमकळी अशा ठिकाणी मासेमारीचे कॅम्प होते. देशातून, परदेशातून लोक तिथे यायचे, एकाच माशासाठी. महासीर. गोड्या पाण्यातला, कार्प कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचाच नातेवाईक. पण अंगावर तळहाताएवढे खवले, मांसल ओठ आणि वेगवान पाण्यात राहायची सवय, त्यामुळे ताकद विलक्षण. गळाला लागला की तो वर येत नाही, सरळ प्रवाहाच्या दिशेने पळतो, आणि रीळवरची दोरी शंभर-दीडशे मीटर सुटते. टोपलीसारख्या गोल होडीत बसून त्याच्या मागे जावं लागतं. आमिष काय, तर नाचणीच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा. लिंबाएवढा, कधी त्याहून मोठा. इतका महागडा रॉड, आणि त्याला नाचणी. मला हे फार आवडतं.

ही हौस जुनी आहे. हेन्री सलिव्हन थॉमस नावाच्या मद्रास इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्याने १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक काढलं, त्यात महासीरला मोठा मान आहे. आणि १९४६ मध्ये कबिनी नदीत, म्हणजे कावेरीच्या उपनदीत, म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या डी वेट व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा महासीर पकडला. साधारण ५४ किलो. हे तेच व्हॅन इंगेन, ज्यांचा म्हैसूरला वाघ-बिबळे पेंढा भरून द्यायचा कारखाना होता. महासीरच्या बाबतीत आजही तोच आकडा सांगितला जातो.

कावेरीतल्या या मोठ्या महासीरला पाठीवर, डोक्याच्या मागे, एक उंचवटा असतो, आणि पर केशरी. म्हणून इंग्रजीत त्याला 'हंपबॅक' म्हणतात, आपण कुबड्या महासीर म्हणू. तो तिथलाच, कावेरी आणि तिच्या उपनद्यांमधलाच. जगात दुसरीकडे कुठेही नाही.

आता वहीकडे येतो.

गालिबोरेच्या कॅम्पवर नियम होता की मासा पकडायचा, वजन करायचं, आणि जिवंत सोडून द्यायचा. आणि दुसरा नियम, जो मला खरा महत्त्वाचा वाटतो : रोज नोंद ठेवायची. किती तास गळ टाकला, किती मासे लागले, प्रत्येकाचं वजन किती, केशरी पराचा की निळ्या पराचा. कोणी शास्त्रज्ञ सांगून गेला म्हणून हे नव्हतं. पाहुण्यांना नंतर बढाई मारायला पुरावा हवा, आणि पुढच्या पाहुण्याला सांगता यावं की इथे काय मिळतं, इतकं साधं कारण.

ब्रिटनमधल्या बोर्नमथ विद्यापीठाचे एड्रियन पिंडर, केरळचे राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी अभ्यासायला घेतल्या. एकूण २३,६२० तास मासेमारी. सलग मोजलं तर अडीच वर्षांहून जास्त. त्यात ६,१६१ महासीर, सगळ्यात छोटा १ पौंडाचा, सगळ्यात मोठा १०४ पौंडांचा. भागाकार केलात तर जवळपास चार तासांना एक मासा पडतो.

हा भागाकार का महत्त्वाचा, ते सांगतो. समजा या वर्षी शंभर मासे मिळाले आणि पुढच्या वर्षी दोनशे. नदीत मासे दुप्पट झाले का? माहीत नाही. कदाचित माणसं दुप्पट आली असतील. म्हणून मासे भागिले तास, हा आकडा लागतो. ज्या दिवशी काहीच लागलं नाही त्या दिवसाचे तासही खाली धरावे लागतात. आमच्या कामात सर्व्हरचे लॉग बघताना हेच असतं : एरर किती आल्या हे नुसतं सांगून उपयोग नाही, रिक्वेस्ट किती होत्या ते सांगा. फोटोंच्या ढिगात वरचा आकडा असतो, खालचा नसतो. गालिबोरेच्या वहीत दोन्ही होते.

आणि त्या वहीतून जे निघालं ते विचित्र होतं. निळ्या पराच्या महासीरची संख्या वाढत गेली, आणि त्यांचं सरासरी वजन कमी होत गेलं. म्हणजे पिल्लं भरपूर येतायत. कुबड्याचं बरोबर उलटं. संख्या घटत गेली, आणि सरासरी वजन वाढत गेलं.

पुन्हा वाचा हवं तर. संख्या कमी, वजन जास्त.

कॅम्पवर आलेल्या माणसाला हे कसं दिसलं असेल? कुबड्या लागला की मोठाच लागतोय, पूर्वीपेक्षा मोठा. फोटो आणखी जबरदस्त. "कावेरीत अजूनही राक्षस आहेत" असं म्हणत तो खूश होऊन घरी गेला असणार. पण कोकणातलं एखादं गाव डोळ्यासमोर आणा, जिथली तरुण मंडळी मुंबईला गेली, शाळा पटसंख्येअभावी बंद झाली, आणि घरांत फक्त आजी-आजोबा उरले. त्या गावाचं सरासरी वय दरवर्षी वाढतंच. कोणी त्याला 'गाव दीर्घायुषी झालं' म्हणत नाही. कावेरीत तेच चाललं होतं. म्हातारे मासे जगत होते, नवी पिढी येत नव्हती. ते म्हातारे एकदा संपले की गोष्ट संपली.

बरं, हा निळ्या पराचा मासा आला कुठून? इथे गोष्ट आपल्या दारात येते.

तो टॉर खुद्री, दख्खनी महासीर. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. हो, त्याच मुळा-मुठा, ज्यांच्या पुलावरून जाताना आज आपण गाडीची काच वर करतो. धरणं, सांडपाणी, सुरुंग लावून मासेमारी या सगळ्यात हा मासा आपल्याकडेही कमी होत चालला होता. म्हणून १९७० च्या दशकात लोणावळ्याला, टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण तलावाजवळच्या केंद्रात, सी. व्ही. कुलकर्णी आणि ओगले यांनी त्याचं कृत्रिम प्रजनन यशस्वी केलं. मोठं काम होतं ते, आणि मी ते कमी लेखणार नाही. कैदेत महासीर वाढवणं सोपं नाही. तिथून बोटाएवढी पिल्लं देशातल्या अनेक नद्या-तलावांत सोडली गेली, आणि त्यातली काही कावेरीत.

हेतू चांगलाच होता. महासीर कमी झालाय, महासीर सोडा. पण 'महासीर' हे एका माशाचं नाव नाही, डझनभराहून जास्त जातींचं मिळून आहे. एका नदीतला दुसऱ्या नदीत टाकला की तो पाहुणा होतो, आणि हा पाहुणा चांगलाच रुळला. कुबड्याच्या ऱ्हासाला तो एकटा जबाबदार आहे असं म्हणता येणार नाही. जिलेटिनचे स्फोट आहेत, वाळूउपसा आहे, धरणांमुळे बदललेलं पाणी आहे. पण खाणं आणि जागा यासाठी दोघांची स्पर्धा असणार, असा संशय अभ्यासकांनी मांडला, आणि वहीतल्या तारखा त्या संशयाशी जुळतात.

यातला सगळ्यात चक्रावणारा भाग पुढे आहे. दीडशे वर्षं जगभर प्रसिद्ध असलेल्या या माशाला शास्त्रीय नावच पक्कं नव्हतं. फोटो हजारो, पण संग्रहालयात तपासायला नमुना नाही. पन्नास किलोचा मासा बरणीत कोण घालणार? आणि नाव नाही म्हटल्यावर आययूसीएनच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या लाल यादीत टाकणार कसं? आधार कार्ड नसलेल्या माणसासारखं. शेवटी २०१८ मध्ये पिंडर, राघवन, पुण्याच्या आयसरमधले नीलेश डहाणूकर आणि बाकीच्यांनी तमिळनाडूतल्या मोयार नदीतले नमुने तपासून दाखवलं की हा 'टॉर रेमादेवी'. केरळातल्या पांबार नदीतल्या छोट्या माशांवरून हे नाव आधीच दिलं गेलं होतं, रेमा देवी या मत्स्यशास्त्रज्ञ बाईंच्या सन्मानार्थ. फक्त कावेरीतला राक्षस आणि पांबारमधला लहानगा एकच, हे कोणी जोडलं नव्हतं. त्याच वर्षी त्याची लाल यादीत नोंद झाली, थेट 'अतिशय संकटग्रस्त' या वर्गात. त्यानंतरची पायरी जंगलातून नामशेष.

आता वही २०१२ लाच का थांबते? कारण ते कॅम्प कावेरी अभयारण्याच्या हद्दीत होते, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्यात गळाने मासे पकडणं, मग ते सोडून का देईनात, चालणार नाही अशी भूमिका सरकारने घेतली. कॅम्पवरची मासेमारी बंद झाली.

यावर माझं मत सांगतो, पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा. मजेसाठी एखाद्या जिवाच्या ओठात आकडा अडकवणं चूक आहे, असं म्हणणाऱ्यांचं मला कळतं. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असंही नाही. फोटोसाठी जितका जास्त वेळ पाण्याबाहेर, तितका धोका जास्त. पण त्या कॅम्पवर स्थानिक माणसं वाटाडे म्हणून कामाला होती, त्यातले काही आधी चोरून मासे मारणारेच. नदीवर रोज त्यांची नजर असायची. ती नजर गेली, आणि वहीही गेली. बंदी घालायचीच होती तर मोजणीची दुसरी सोय आधी करायला हवी होती. मॉनिटरिंग बंद केलं की अलर्ट येत नाहीत, याचा अर्थ सिस्टिम ठीक आहे असा होत नाही.

माशाला राखण्याची दुसरी पद्धतही आपल्याकडे आहे, बरं का. महाडजवळ वाळणकोंडीला काळ नदीच्या डोहात महासीर आहेत, आणि देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी हात लावत नाही. लोक त्यांना खायला घालतात. तिथे वही नाही, गळ नाही, मासे मात्र आहेत.

आता तुमच्याकडे. तुमच्यातले जे रविवारी धरणावर जातात त्यांनी आधी एक बघा : बहुतेक जलाशयांवर मासेमारीचा ठेका स्थानिक सहकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे विचारून बसा, त्यांचा पोटाचा प्रश्न आहे. आणि मग फोनमध्ये एक साधी शीट करा. तारीख, जागा, किती वाजता गळ टाकला, किती वाजता उचलला, किती जण होतात, काय लागलं, लांबी किती. वजनकाटा नसेल तर लांबी पुरते, पट्टीशेजारी मासा ठेवून एक फोटो, हात ओले करून, पटकन. भोपळा मिळालेला दिवस आधी लिहा, कारण तोच लिहायचा कंटाळा येतो.

एक मात्र सांभाळा. महासीर किंवा एखादा दुर्मीळ मासा दिसला तर नेमकी जागा ग्रुपवर टाकू नका, लोकेशन बंद करून फोटो पाठवा. नदीचं नाव पुरे. सुरुंगवालेही फोन वापरतात.

पुढच्या आठवड्यात तिलापियावर बोलू, तो आपल्या तलावांत कसा पोचला त्यावर. तोवर ग्रुपवर फोटो टाकाल तेव्हा खाली तासही लिहा. भेटू.