विश्लेषण : अंतर २.७ किलोमीटर, उड्डाण दीड मिनिटाचं! जगातील सर्वांत छोटी विमानसेवा कशासाठी?

दोन विमानतळांची नावं टाका आणि प्रवासाला किती वेळ लागेल ते पाहा, अशी सोय अनेक संकेतस्थळांवर असते. त्यामागचं गणित सहसा सोपं असतं. अंतराला ताशी सुमारे ८०० किलोमीटरने भागायचं आणि उड्डाण व उतरण्यासाठी अर्धा तास धरायचा. पण स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर हे सूत्र सपशेल फसतं. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे या प्रवासाला सूत्रानुसार अर्धा तास लागेल. प्रत्यक्षात लागतात दीड ते दोन मिनिटं.

अंतर नेमकं किती?

दोन बेटांवरील विमानतळांमध्ये सुमारे २.७ किलोमीटरचं अंतर आहे. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीच जवळपास ३.४ किलोमीटर लांब आहे. म्हणजे हा अख्खा प्रवास तिच्यावर मावेल! १९६७ पासून लोगानएअर ही सेवा देते. जगातील सर्वांत कमी अंतराची नियमित विमानसेवा म्हणून तिची नोंद आहे.

वेळ कमी-जास्त का होतो?

२.७ किलोमीटरसाठी ९० सेकंद म्हणजे सरासरी वेग ताशी १०८ किलोमीटर. विमानाच्या मानाने हा वेग अगदीच कमी. कारण उड्डाण होताच उतरण्याची तयारी सुरू होते, पूर्ण वेग गाठायला सवडच मिळत नाही. विमान सहसा वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडतं आणि उतरतं. वाऱ्याची दिशा अनुकूल असेल, तर वैमानिक जवळपास सरळ रेषेत जाऊ शकतो. नाहीतर वळसा घ्यावा लागतो. सगळं जुळून आल्यावर हे अंतर ५३ सेकंदांत कापल्याचा विक्रम आहे. तेव्हा सरासरी वेग ताशी सुमारे १८३ किलोमीटर होता.

मोठं विमान का नाही?

येथील धावपट्ट्या जेमतेम अर्धा किलोमीटरच्या आहेत. त्यामुळे ब्रिटन-नॉर्मन आयलँडर हे दोन पंख्यांचं छोटं विमान वापरतात. त्यात साधारण आठ प्रवासी बसतात. एखाद्याला चक्क वैमानिकाशेजारची जागाही मिळते.

मग बोटीने का जात नाहीत?

बोटही आहे. ती सुमारे २५ मिनिटं घेते. मात्र हे विमान फक्त या दोन बेटांसाठी उडत नाही. ऑर्कनीचं मुख्य शहर कर्कवॉल येथून निघून ते एसटीसारखे थांबे घेतं. दीड मिनिटाचा प्रवास हा त्यातला एक टप्पा. पापा वेस्ट्रेची लोकसंख्या जेमतेम ९०च्या आसपास आहे. तिथे येणारे डॉक्टर, शिक्षक आणि उपचारासाठी बाहेर जाणारे रुग्ण यांना कर्कवॉलहून समुद्रमार्गे यायचं-जायचं म्हटलं, तर बराच वेळ जातो.

केवळ तिकिटांच्या पैशांवर अशी सेवा चालणं कठीण. म्हणूनच ऑर्कनीची स्थानिक परिषद तिला आर्थिक आधार देते. पर्यटक प्रमाणपत्रासाठी आणि सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं ‘नॅप ऑफ हॉवर’ हे दगडी घर पाहण्यासाठी येतात. त्यांच्यासाठी ही दीड मिनिटाची गंमत असते. बेटावरच्या लोकांसाठी मात्र डॉक्टर वेळेवर येणार का, याचं उत्तर याच विमानावर अवलंबून असतं.