बगदादचे हाखाम

एकोणिसाव्या शतकात बगदाद हे ज्यू धर्मविद्येचे मोठे ठाणे होते. तिथे रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मपंडितांना, हाखाम म्हणत. व्यापारासाठी बाहेर पडलेली बगदादी कुटुंबे मुंबई, पुणे, कलकत्ता, रंगून, सिंगापूर अशी पसरली, तरी धर्माची अडचण आली की पत्र जायचे ते बगदादलाच. सरकारदरबारी मान्यता असलेला हाखाम बाशी हा ऑटोमन हुद्दा निराळा. धर्माच्या बाबतीत लोक विद्वत्ता पाहून मान देत.

या मानाची पायाभरणी केली अब्दल्ला सोमेख (१८१३-१८८९) यांनी. १८४० मध्ये निघालेल्या बेत झिल्खा या विद्यालयात त्यांच्या हाताखाली हाखामांच्या पिढ्या तयार झाल्या. त्यांचा सर्वांत गाजलेला शिष्य योसेफ हाय्यीम. वडील वारल्यावर १८५९ पासून त्यांनी बगदादमध्ये प्रवचने द्यायला सुरुवात केली आणि १९०९ साली मृत्यू येईपर्यंत ती चालू ठेवली. पगारी पद त्यांनी कधी घेतले नाही. चरितार्थ घरच्या व्यापारावर चाले. कोणाच्या मिंधेपणात नसलेल्या माणसाचा शब्द लोक अधिक मानतात, हे इथेही दिसते.

‘बेन ईश हाय’ हा त्यांचा ग्रंथ तोरा या धर्मग्रंथातल्या साप्ताहिक पाठांच्या क्रमाने लावलेला आहे. आधी थोडे निरूपण, मग त्या आठवड्याचे आचारनियम. ग्रंथ इतका घरोघरी पोहोचला की लेखकालाही त्याच नावाने ओळखू लागले. हिब्रू न येणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी ज्यूंच्या अरबी बोलीत ‘कानून अल-निसा’ लिहिले. विद्वानांच्या वर्तुळाबाहेर, थेट स्वयंपाकघरापर्यंत त्यांचे वजन पोहोचले त्यात अशा पुस्तकांचा वाटा मोठा आहे.

लांबवरच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे ‘राव पेआलीम’ या संग्रहात आहेत. त्यात मुंबईहून आलेला एक प्रश्न सायकलचा आहे: शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी सायकल चालवावी का? शब्बाथला जमीन नांगरायला मनाई. मग चाकाने मातीत चरा पडला तर? योसेफ हाय्यीम यांनी अशा शंका एकेक करून तपासल्या आणि जिथे शब्बाथला वस्तू बाहेर नेण्याची मुभा आहे अशा हद्दीत सायकलला परवानगी दिली. पुढच्या बहुतेक रब्बींना हे पटले नाही. वाटेत सायकल बिघडली तर माणूस ती दुरुस्त करायला बसेल, ही त्यांची धास्ती. तरी नवे यंत्र दिसताच नकार न देता आधी ते समजून घेण्याची ही पद्धत बगदादची म्हणून सांगता येते.

मुंबईत हा प्रभाव टिकला तो बगदादी ससून घराण्याच्या पैशावर. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. भायखळ्याचे मॅगेन डेव्हिड (१८६१) आणि पुण्याचे ‘लाल देऊळ’ (१८६७) ही सिनेगॉग (प्रार्थनास्थळे) त्यांच्याच पैशातून उभी राहिली.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची गोष्ट वेगळी. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ ही त्यांची ओळख. त्यांच्यात रब्बी नव्हते. लग्न, सुंता, तंटे त्यांच्यातलेच काजी पाहत. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत बांधलेल्या सिनेगॉगला लोक ‘जुनी मशीद’ म्हणत. धर्मशिक्षण बरेचसे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी दिले आणि वल्हांडणाची हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत मराठीसह छापून निघाली. बगदादींनी आधी बेने इस्राएलांच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थना केली. पुढे मात्र दफनभूमीतही वेगळी जागा मागितली. घटस्फोट आणि दिराशी विवाह यांविषयीचे धर्मनियम या समाजाने पाळलेले नाहीत, म्हणून त्यांच्याशी सोयरीक नको, असा आक्षेप होता.

हा आक्षेप इस्राएलातही पोहोचला. १९५०-५१ मध्ये इराकमधून लाखाहून अधिक ज्यू तिथे गेले, तसे बेने इस्राएलही जात होते. पुढे सेफार्दी परंपरेचे मुख्य रब्बी झाले ते बगदादमध्ये जन्मलेले यित्झहाक निस्सीम. बेने इस्राएलांशी विवाह करायला हरकत नाही, असे मुख्य रब्बी मंडळाने १९६१ मध्ये ठरवले; पण १९६२ च्या सूचनांनी लग्नाआधी त्यांची वंशावळ शक्य तितकी मागे तपासायला सांगितले. मराठी बोलणारी ही माणसे त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्व दृष्टींनी ज्यू असल्याचे जाहीर केले आणि महिनाअखेर रब्बी मंडळाने सूचनांमधून ‘बेने इस्राएल’ हे नाव काढून टाकले. चौकशीची तरतूद मात्र संशयास्पद वंशाच्या कोणालाही लागू होईल अशा शब्दांत कायम राहिली.