वाचा-उपचाराचे शिक्षण आणि आपली बोली

बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांपुढे वैद्यक आणि अभियांत्रिकी यांखेरीज आणखी एक सेवाक्षेत्र आहे. ते म्हणजे वाचा व श्रवण उपचार. तोतरेपणा, पक्षाघातानंतर हरपलेली वाणी, दुभंगलेल्या टाळूमुळे नाकात जाणारे उच्चार, बहिरेपणामुळे न उमललेली भाषा, इतकेच नव्हे तर गिळण्यातील अडचणीही या शास्त्राच्या कक्षेत येतात.

‘बीएएसएलपी’ ही पदवी चार वर्षांची असून शेवटचे वर्ष प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे असते. मुंबईत नायर रुग्णालयात व १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत, तसेच पुण्यात भारती विद्यापीठात हे शिक्षण मिळते. व्यवसायासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आवश्यक आहे.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. पाठ्यपुस्तके इंग्रजी असतात, रुग्ण मराठीत बोलतो. इंग्रजी उच्चारांच्या तक्त्यात ‘ळ’ नाही (तो तर पेठेच्या नावातच आहे!), ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’चा भेदही तेथे सापडत नाही. शिवाय ‘मी येतो’ म्हणणारी येथील मुलगी किंवा ‘पानी’ म्हणणारे आजोबा यांच्या वाणीत दोष नाही. ती बोली आहे. केवळ प्रमाण भाषेचे माप लावणारा तज्ज्ञ निरोगी मुलालाही रुग्ण ठरवील. उलट, ‘बोलेल उशिरा’ म्हणून घरी थांबवलेल्या मुलाची श्रवणतपासणी विनाविलंब व्हायला हवी.

प्रवेशापूर्वी एखाद्या उपचार केंद्रात, परवानगी घेऊन, काही दिवस बसावे. एकच शब्द शंभरदा ऐकण्याचा धीर आपल्यापाशी आहे की नाही, हे तेथे कळते.