पॉइंट काढावेत की ठेवावेत?

केज तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर अजून एखादी राजदूत, येझदी किंवा जुनी बुलेट चालू स्थितीत दिसते. कुणी ती दुधाच्या कॅनसाठी ठेवली आहे, कुणी वडिलांची गाडी म्हणून. रंग, टायर, सीट सगळं बदललं तरी प्लगला करंट देणारी व्यवस्था बहुधा जुनीच, पॉइंटची. आणि सकाळी गाडी पकडेना की सल्ला ठरलेला: ‘सीडीआय बसवून टाका, कटकट मिटेल.’ म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे.

मद्रासला १९५५ पासून बुलेट, म्हैसूरला १९६१ पासून जावा (पुढे तीच येझदी) आणि १९६२ पासून एस्कॉर्ट्सची, पोलंडच्या एसएचएलवर बेतलेली राजदूत. तिन्हींत ठिणगी पडते ती पॉइंट उघडताना. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट हे त्रिकूट मोटारीत रूढ केलं चार्ल्स केटरिंग यांनी, १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी.

पॉइंट म्हणजे टंगस्टनच्या दोन टिकल्या. त्या मिटलेल्या असताना कॉइलमधून करंट वाहतो. कॅमच्या उंचवट्याने त्या उघडल्या की करंट तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात दहा-वीस हजार व्होल्ट उसळतात. बुलेटमध्ये उघडलेल्या टिकल्यांमधलं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायचं. फिलर गेज हाताशी नसेल तर जाड कार्ड घालून अंदाज घेतात. पॉइंट नेमके कधी उघडतात हे पाहायला टिकल्यांमध्ये पातळ कागद धरायचा आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं. कागद सुटला, तो ठिणगीचा क्षण. हे कसब पुस्तकापेक्षा बोटांत जास्त असतं.

राजदूत टू-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर तासाभरात पॉइंट १,८०,००० वेळा उघडतात. नेकनूर, मांजरसुंबामार्गे बीड गाठेपर्यंतच एवढी उघडझाप होते. कॅमवर घासणारा फायबरचा पाय झिजतो, अंतर कमी होतं, ठिणगी उशिरा पडते. मग इंजिन तापतं आणि चढाला दम टाकतं. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर खराब झाला तर टिकल्या जळून काळ्या पडतात.

१९८५ च्या सुमारास आलेल्या हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० या गाड्यांनी हा प्रश्नच काढून टाकला. सीडीआयमध्ये मॅग्नेटची कॉइल एका कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट साठवते, पिकअप कॉइल वेळ सांगते आणि साठा एकदम इग्निशन कॉइलमध्ये सुटतो. घासणारं काही नाही, म्हणून झिजणारंही नाही. किक सोपी होते, टायमिंग महिनोन् महिने हलत नाही.

जुन्या गाडीवर सीडीआयचं किट चढवताना मात्र आधी गाडी तपासावी लागते. क्रँकचं बेअरिंग ढिलं असेल तर पॉइंटची वेळ हलते, आणि पिकअप बसवला तर फिरणारा रोटर त्याला घासू शकतो. सील गळून आत तेल येत असेल, अर्थिंग गंजलेलं असेल, तर नवी वस्तू जुन्याच दुखण्यावर बसते. काही किट बॅटरीवर चालतात. त्यांना ६ व्होल्टची थकलेली बॅटरी पुरत नाही, आणि १२ व्होल्ट करायचं तर रेग्युलेटर, बल्ब, हॉर्न सगळं बदलावं लागतं. पॉइंट तसेच ठेवून मधे ट्रान्झिस्टर घालणारेही किट असतात. त्यात टिकल्या जळत नाहीत, पण फायबरचा पाय झिजतच राहतो. प्लगची कॅप रेझिस्टरचीच घ्यावी. प्लगची वायर मोकळी सोडून किक मारू नये. कॅनचे हूक वेल्डिंग करायचे असतील तर आधी बॅटरी आणि सीडीआयचे कनेक्टर काढून ठेवावेत. वेल्डिंगच्या करंटने युनिट जळू शकतं.

पॉइंट बिघडताना आधी सूचना देतात: मिसिंग, फटाके, जड किक. रस्त्याकडेला पॉलिश पेपर फिरवून घरापर्यंत येता येतं. सीडीआय जातं तेव्हा बहुधा एकदम जातं, आणि रात्री धनेगावच्या धरणाकडून परतताना ते गेलं तर पॉलिश पेपरचा उपयोग नाही.

रोज चालणाऱ्या गाडीला सीडीआय बसवावं, हे माझं स्पष्ट मत. महिन्यातून एकदा बाहेर निघणारी, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर पॉइंटच ठेवावेत आणि नवा कंडेन्सर घालावा. किट बसवलंत तरी काढलेली प्लेट, पॉइंट आणि कंडेन्सर भंगारात देऊ नका. तेलाचा हात फिरवून, पिशवीत बांधून, गाडीच्या कागदपत्रांशेजारी ठेवा. आणि ती बसवणारा मिस्त्री गावात आहे तोवर घरातल्या एखाद्या पोराला त्याच्याकडून टायमिंग लावायला शिकवून घ्या.