तेंदूपत्त्याला पाचगावचा नकार

गोंडांची बहुसंख्य वस्ती असलेले पाचगाव चंद्रपूर जिल्ह्यात, गोंडपिपरी तालुक्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २०१२ मध्ये गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू किती तोडायचा, कसा विकायचा, हे ग्रामसभा ठरवते. विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडणे मात्र तिने बंदच केले. कोवळी पाने भरपूर यावीत म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर तेंदूची झुडपे छाटतात, खालचा पाला पेटवतात. एका वर्षात फारसे जाणवत नाही. पण आग दरवर्षी लागत राहिली की बांबूचे कोंब आणि रोपटी तगत नाहीत. हातात रोख पैसा देणारा हंगाम सोडायला मोठी हिंमत लागते. आता तेंदूची फळे झाडावरच पिकतात. गाव खाते, पाखरेही खातात.