मूर्ती, माती आणि मांबलम

११ एप्रिल २०२२, सोमवार. आदल्या दिवशीच रामनवमी होऊन गेली होती. चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये आर्य गौडा रोडवरच्या अयोध्या मंडपाच्या दारात सरकारी अधिकारी पोलीस बंदोबस्तात येऊन थांबले आणि बघता बघता रहिवाशांची गर्दी जमली. हिंदू धार्मिक व धर्मादाय खाते मंडपाचा ताबा घेणार होते. खात्याचे म्हणणे, हे देऊळ आहे. मंडप चालवणाऱ्या श्री राम समाजाचे म्हणणे, हे देऊळ नाही.

म्हणजे रोज रामापुढे हात जोडणारी माणसे ‘हे देऊळ नव्हे’ असे सांगत होती आणि देव नाकारणाऱ्या पेरियारांना गुरुस्थानी मानणाऱ्या द्रमुक पक्षाचे सरकार ‘देऊळच आहे’ म्हणत होते. तमिळनाडूतल्या आस्तिक-नास्तिक वादाला जवळजवळ शंभर वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत दोन्ही बाजूंनी जागा कशा बदलल्या, हे पाहायचे तर मागे जायला हवे.

मांबलम स्टेशनावर पूर्वेच्या जिन्याने उतरले की माणूस रंगनाथन स्ट्रीटच्या खरेदीच्या लोंढ्यात सापडतो. ते टी. नगर, म्हणजे त्यागराय नगर. १९२० च्या दशकात वसवलेल्या या भागाला जस्टिस पार्टीचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव मिळाले. पानगल पार्क आणि डॉ. नायर रोड ही नावेही त्याच ब्राह्मणेतर पक्षाच्या पुढाऱ्यांची. पश्चिमेला उतरले की दारोदार कोलमच्या रांगोळ्या, फिल्टर कॉफीचा दरवळ आणि तमिळ ब्राह्मणांची जुनी वस्ती. मधे फक्त लोकलचे रूळ.

आस्तिक-नास्तिक वादाचा आरंभ देवापासून झाला नाही, पंगतीपासून झाला. चेरनमादेवीच्या गुरुकुलाला काँग्रेसचा पैसा मिळत होता आणि तिथे ब्राह्मण मुलांची पाने वेगळी मांडली जात. त्यावरून उठलेल्या वादळात ई. व्ही. रामसामी, म्हणजेच पेरियार, आघाडीवर होते. १९२५ साली त्यांनी इरोडहून ‘कुडी अरसू’ साप्ताहिक सुरू केले आणि त्याच वर्षी कांचीपुरमच्या परिषदेत काँग्रेस सोडली. त्यांच्या स्वाभिमान चळवळीचा हिशेब सरळ होता: जातीला धर्माचा आधार, धर्माला देवाचा, तेव्हा घाव मुळावरच घालायचा. आपल्याकडे जोतीरावांनी भटशाही नाकारली, पण निर्मिक ठेवला. आगरकरांनी देवाविषयीचा संशय निबंधांत मांडला आणि जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली. पेरियारांनी तोच संशय चौकात आणला.

२७ मे १९५३ रोजी, बुद्धजयंतीला, तिरुचिरापल्लीच्या टाउन हॉल मैदानावर त्यांनी गणपतीची मातीची मूर्ती फोडली. वीरभद्रन चेट्टियार नावाच्या गृहस्थांनी भावना दुखावल्याची फिर्याद केली. खालच्या कोर्टांनी ती फेटाळली. त्यांचे तर्कशास्त्र साधारण असे, की कोणीतरी मातीचा आकार केला म्हणून तो पवित्र होत नाही. देवळातली पूजेची मूर्ती वेगळी, हे मडक्यासारखे मडके. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ ऑगस्ट १९५८ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की हा अर्थ फार आखूड आहे. एखादा वर्ग जी वस्तू पवित्र मानतो ती पवित्रच धरायची, मग तिची किंमत कितीही असो आणि तिची पूजा झालेली असो वा नसो. मात्र इतकी वर्षे लोटल्यावर प्रकरण पुन्हा उकरण्यात अर्थ नाही, म्हणून अपील फेटाळले गेले. पेरियार सुटले, पण तत्त्व भाविकांच्या पदरात पडले.

मराठी वाचकाला यातली खोच लगेच कळेल. पेणच्या कारखान्यात गणपती फळीवर डझनांनी असतात आणि त्यांचे भाव होतात. घरी प्राणप्रतिष्ठा झाली की मखराजवळ चढ्या आवाजात बोलायचीही चोरी. उत्तरपूजा झाली की तीच माती पाण्यात. यातल्या कोणत्या क्षणी कायदा लागू होतो?

१९६७ मध्ये अण्णादुराईंचा द्रमुक सत्तेवर आला. अण्णादुराईंनी मूर्ती फोडण्याच्या वाटेला न जाता पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना कायद्याची मान्यता दिली. नास्तिकता मैदानातून सचिवालयात आली आणि तिथे तिला देवळांचा कारभारही सांभाळावा लागला. मैदान मात्र थंडावले नव्हते. १९७१ मध्ये सेलमला अंधश्रद्धा निर्मूलन परिषदेची मिरवणूक निघाली. तिच्यात राम-सीतेची विटंबना झाली की नाही आणि झाली तर कशी, यावर चो रामस्वामींच्या ‘तुघलक’ नियतकालिकाने रान उठवले. तरीही त्या वर्षीच्या निवडणुकीत द्रमुकला २३४ पैकी १८४ जागा मिळाल्या. जानेवारी २०२० मध्ये ‘तुघलक’च्या सोहळ्यात रजनीकांतने, म्हणजे मराठी घरात जन्मलेल्या शिवाजीराव गायकवाडने, ती आठवण काढली आणि पन्नास वर्षांची राख पुन्हा धुमसली. माफीची मागणी झाली. त्याने ती मागितली नाही.

वेस्ट मांबलमपर्यंत ही धग पोचली डिसेंबर २००६ मध्ये. श्रीरंगमच्या मंदिरासमोर उभारलेल्या पेरियारांच्या पुतळ्याची तोडफोड झाली आणि त्याचे पडसाद म्हणून अयोध्या मंडपावर हल्ला झाला. मूर्तिभंजकाचा पुतळा फुटला म्हणून त्याच्या अनुयायांचे रक्त उसळले. दगड तो दगड, असे त्या दिवशी त्यांच्यापैकी कोणाला वाटले नसावे. एप्रिल २०१५ मध्ये चेन्नईतल्या पेरियार तिडलमध्ये पेरियारांच्या द्रविडर कळघम संघटनेने ताली, म्हणजे मंगळसूत्र, उतरवण्याचा कार्यक्रम केला. आठवड्याभरात शहरात वृद्ध ब्राह्मणांची जानवी कापली गेली. पहिल्या प्रसंगात बायकांनी स्वतःच्या गळ्यातले स्वतःच्या मर्जीने काढले होते. दुसऱ्यात दुसऱ्याच्या अंगावरचे कापले. विवेकवादाच्या नावाने या दोन गोष्टी एकाच तागडीत टाकणाऱ्यांनी चळवळीचेच नुकसान केले.

मंडपाचा खटला मात्र शांतपणे, कागदांवर वाढत होता. श्री राम समाज १९५८ साली संस्था म्हणून नोंदला गेला. मंडपात प्रवचने, भजने, कचेरी म्हणजे गाण्याच्या मैफली होतात आणि रामाच्या तसबिरीची पूजा होते. याच समाजाच्या ‘ज्ञानवापी’त परिसरातल्या लोकांची उत्तरकार्ये होतात. २०१३ च्या अखेरीस सरकारने हे देऊळ ठरवून ताब्यात घेण्याचा आदेश काढला. तेव्हा सत्ता द्रमुकची नव्हती, जयललितांची होती, आणि जयललिता देवभक्त होत्या. म्हणजे देवाच्या दानपेटीवर सरकारची नजर जाण्यासाठी सरकार नास्तिकच असावे लागते असे नाही. मार्च २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी समाजाची याचिका फेटाळली आणि एप्रिलमध्ये अधिकारी दारात आले. दोनच महिन्यांपूर्वीच्या महापालिका निवडणुकीत चेन्नईच्या २०० प्रभागांपैकी भाजपला मिळालेला एकुलता एक प्रभाग याच वेस्ट मांबलमचा होता, त्यामुळे रस्त्यावर राजकारण उतरणारच होते.

समाजाचा युक्तिवाद असा: इथे आगमशास्त्राप्रमाणे प्रतिष्ठापित मूर्ती नाही, तसबिरीची पूजा म्हणजे देऊळ नव्हे. पेरियारांच्या खटल्यात खालच्या कोर्टांनी जे म्हटले, त्याच्याच हे किती जवळचे! २७ एप्रिलला त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ताब्याचा आदेश रद्द केला.

हा उलटसुलट खेळ तमिळनाडूपुरता नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या ब्लेडन्सबर्गला सार्वजनिक जागेवर पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ चाळीस फुटी क्रूस उभा आहे. तो पूर्ण झाला १९२५ मध्ये, ‘कुडी अरसू’च्याच वर्षी. अमेरिकन ह्युमनिस्ट असोसिएशनने कोर्टात म्हटले, हे ख्रिस्ती धर्मचिन्ह आहे, सरकारी जागेवर नको. क्रूस राखू पाहणाऱ्यांनी सांगितले, की हे तर स्मारक, काळाच्या ओघात त्याला ऐहिक अर्थही आला आहे. तिथेही क्रुसाचे धर्मपण ठासून सांगितले ते अश्रद्धांनी आणि सौम्य केले ते श्रद्धावंतांनी. २०१९ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी क्रूस राहिला.

शतकभराच्या या भांडणात देव आहे की नाही याचा निकाल कोणी मागितलाच नाही. मागितला तो मातीचा, तसबिरीचा, मंडपाचा. आणि त्या वेळी जे सोयीचे ते दोन्ही बाजूंनी बोलून घेतले.

विनायक चतुर्थीच्या सुमारास चेन्नईच्या रस्त्यांवर साच्यात ओली माती दाबून पिळ्ळैयार, म्हणजे गणपती, काढणारे बसतात. कागदाची छत्री, रुईच्या फुलांची माळ, डोळ्यांच्या जागी दोन गुंजा. गिऱ्हाईक दहा-वीस रुपयांवरून घासाघीस करते. सौदा ठरला की तीच मूर्ती दोन्ही हातांत, छातीशी धरून घरी नेते. घासाघीस आणि ते छातीशी धरणे यांच्यात जेमतेम अर्धे मिनिट जात असेल. सारे वाद त्या अर्ध्या मिनिटाचे आहेत.